मागचा ब्रेक बंद, तर धंदाही बंद

परभणी शहरातून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर सकाळी थोडा वेळ उभे राहा. जिंतूर, पाथरी, गंगाखेड, वसमत, कोणतीही दिशा घ्या. आपल्या बांधवांच्या गाड्या धावताना दिसतील. भाजीने भरलेला टेम्पो, कापडाची गाठोडी बांधलेली मोटारसायकल, बकऱ्या घेऊन बाजाराला निघालेली पिकअप, प्रवाशांनी भरलेली रिक्षा, गावोगावचे भंगार गोळा करून परतणारी तीनचाकी. कुणाचा धंदा पिढीजात आहे, तर कुणी कर्जाचे हप्ते भरत नुकताच या व्यवसायात पडला आहे. पण एक गोष्ट सर्वांची सारखी आहे. त्यांचे दुकान चार, तीन किंवा दोन चाकांवर आहे. हे दुकान चालते कसे याची काळजी सगळेच घेतात. इंजिनचा आवाज जरा बदलला की गाडी लगेच गॅरेजवर जाते, कारण इंजिन बंद पडले की त्या दिवसाची कमाई बुडते. मात्र हे दुकान थांबते कसे, याकडे लक्ष देणारे फार थोडे. त्यातही सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे मागचा ब्रेक.

कोणत्याही गॅरेजवर तासभर बसले तर साधारण असा संवाद कानावर पडतो.

"उस्ताद, मागच्या डाव्या चाकातून ऑइल गळतंय. उद्या बाजार आहे, गाडी आजच पाहिजे."

"चाचा, सिलिंडर गेलाय. बदलावा लागेल. सामान नांदेडहून मागवतो, परवा गाडी देतो."

"परवा? मग उद्याच्या बाजाराचं काय? आजच्यापुरता त्या चाकाचा पाइप बंद करून द्या. पुढचे ब्रेक चांगले लागतात की!"

मिस्त्रीला हे पटत नाही, पण गिऱ्हाईक जुने आहे आणि आणखी दोन गाड्या रांगेत उभ्या आहेत. तो पाइपच्या तोंडात छर्रा बसवतो किंवा पाइप ठोकून चपटा करतो, हवा काढतो आणि गाडी सोडतो. गळती थांबते, पेडल घट्ट लागते, गाडी रस्त्यावर थांबते. चाचा खूश होऊन जातात. 'आजच्यापुरते' केलेले हे काम मग सहा महिने तसेच राहते, कारण गाडी तर थांबते आहे! मालक आणि मिस्त्री दोघांचीही फसगत होते ती इथेच.

रिकामी गाडी खरे सांगत नाही

ब्रेक मारला की गाडीचे वजन पुढे झुकते, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. टपावरचे सामान पुढे सरकते, बसलेला माणूस पुढे ढकलला जातो. त्यामुळे थांबवण्याचे जास्त काम पुढच्या चाकांकडे जाते. रिकाम्या छोट्या चारचाकीत हा वाटा साधारण दोन तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक असतो. म्हणूनच गॅरेजसमोरच्या रस्त्यावर रिकामी गाडी फिरवून पाहिली तर मागचा ब्रेक नसल्याचे फारसे जाणवत नाही.

पण आपला व्यापारी रिकामी गाडी चालवून पोट भरत नाही. समजा, दीड टनाच्या पिकअपमध्ये सव्वा टन कांदा भरला. हौदा मागे आहे, म्हणून या मालाचा मोठा भार मागच्या धुऱ्यावर येतो. टायरची रस्त्यावरची पकड त्याच्यावरील वजनावर अवलंबून असते. आता पकड मागच्या टायरकडे आहे आणि तिथे ब्रेकच नाही! सगळी गाडी थांबवायची जबाबदारी पुढच्या दोन चाकांवर पडते. ती चाके जाम होतात आणि घासत पुढे जातात. जाम झालेले पुढचे चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही. समोर मूल आले, बैल आला, तर गाडी ना थांबते ना वळते.

साधा हिशेब करून पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर ११ मीटर तिथेच संपले. त्यानंतर चांगल्या ब्रेकने कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी साधारण १० मीटरमध्ये थांबते. ब्रेकची ताकद निम्मी झाली, तर त्या १० मीटरचे २० होतात. वेग ताशी ६० असेल, तर चांगल्या ब्रेकने लागणारे २३ मीटर वाढून ४६ मीटर होतात, आणि पाय पेडलवर पडेपर्यंतचे १७ मीटर वेगळेच. वेग दीडपट झाला की थांबण्याचे अंतर सव्वादोनपट होते, हे गणित रस्ता कधीही माफ करत नाही.

दोन लाइन कशासाठी दिल्या आहेत?

आजच्या चारचाकी गाड्यांत मास्टर सिलिंडरच्या पोटात दोन कप्पे असतात आणि त्यातून ब्रेक ऑइलच्या दोन स्वतंत्र लाइन निघतात. मागच्या चाकावर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांत सहसा एक लाइन पुढच्या चाकांची आणि दुसरी मागच्या चाकांची असते. बनवणाऱ्याने यामागे मोठा विचार केला आहे. पुढचा नळ फुटला तर मागची लाइन गाडी थांबवेल आणि मागचा फुटला तर पुढची. लाइन एक असेल तर एका भोकाने सारा खेळ संपेल, म्हणून दोन.

मागची लाइन आपण छर्रा घालून बंद केली, की ही दुहेरी व्यवस्था आपल्याच हाताने एकेरी केली. पुढचा नळ फुटण्याचा दिवस आला, तर पेडल थेट तळाला जाईल आणि मागून मदतीला कोणी येणार नाही. एकाच मागच्या चाकाचा ब्रेक बंद केला तर आणखी वेगळी आफत. जोरात ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. दोनपदरी रस्त्यावर समोरून ट्रक येत असताना दोन फूट बाजूला ओढले जाणे म्हणजे काय, हे चालकाला सांगायला नको.

हँडब्रेकचीही तीच गोष्ट. बहुतेक छोट्या चारचाकी गाड्यांचा हँडब्रेक मागच्याच चाकांच्या शूंवर चालतो. पायाचा ब्रेक गेला तर चालकाच्या हातात उरणारा हा शेवटचा आधार. मागचे लायनर झिजलेले असतील किंवा त्यांवर ऑइल आलेले असेल, तर हा आधारही नावापुरता. चढावर माल उतरवताना चाकाखाली दगड लावणारे आपण रोज पाहतो. तो दगड म्हणजे मागचा ब्रेक आजारी असल्याचा दाखलाच.

उतार, चिखल आणि गर्दी

परभणी जिल्हा सपाट आहे, इथे घाट कुठे, असे कोणी म्हणेल. पण उत्तरेला जिंतूर तालुक्यात डोंगर आहेत, येलदरीकडचा रस्ता चढ-उताराचा आहे. दक्षिणेला गंगाखेडच्या पुढे बालाघाटच्या रांगा लागतात. शिवाय आपला माल जिल्ह्यातच थांबत नाही. कल्याणहून अहिल्यानगर, पाथरी, मानवत, परभणी, वसमत, नांदेडमार्गे निर्मळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ आपल्या दारातून जातो, आणि त्याच रस्त्याने पश्चिमेला गेले की माळशेज घाट लागतो.

उतारावर ब्रेक किती महाग पडतो याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. ४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यातील पळासनेर येथे मुंबई-आग्रा महामार्गावर मध्य प्रदेशकडून उतरणाऱ्या एका अवजड वाहनाचे ब्रेक निकामी झाल्याचे पोलिसांनी सांगितले. त्या वाहनाने पुढच्या वाहनांना धडक दिली आणि ते रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसले. किमान १० माणसे दगावली. बसची वाट पाहत उभे असलेलेही त्यात होते. ज्यांचा त्या गाडीशी काडीचा संबंध नव्हता, अशा लोकांनी जीव गमावला.

दुसरे उदाहरण पुण्याच्या नवले पुलाचे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी उतारावरून आलेल्या एका अवजड वाहनाने सुमारे ४८ वाहनांना ठोकरले. प्रथम ब्रेक फेल झाल्याची चर्चा झाली. तपासात मात्र असे पुढे आले की चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी तशीच सोडली होती. डिझेल वाचवण्याची ही सवय आपल्याकडेही आहे. हवेच्या ब्रेकची गाडी असेल तर इंजिन बंद होताच हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि प्रत्येक वेळी ब्रेक मारताना साठलेली हवा कमी होत जाते. छोट्या गाडीत ब्रेकला मदत करणारा बूस्टर थांबतो, पेडल दगडासारखे होते. चार रुपयांचे डिझेल वाचवताना लाखाची गाडी आणि अमोल जीव पणाला लागतो.

सपाट रस्त्यावरही धोका कमी नाही. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर आपल्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर आणून टाकतात. त्यावर पाण्याचा शिडकावा झाला की रस्ता साबणासारखा होतो. मोटारसायकलवाल्याने अशा जागी फक्त पुढचा ब्रेक दाबला तर पुढचे चाक घसरते आणि माणूस क्षणात आडवा होतो. मागचे चाक थोडे घसरले तर सावरता येते, पुढचे घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून ओल्या रस्त्यावर, मुरमावर, वाळूवर मागचा ब्रेक आधी हलकेच, मग जोडीने पुढचा, अशी सवय हवी.

आणि गर्दी? दरवर्षी फेब्रुवारीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उर्साला परभणीत लांबून लोक येतात. दुकाने थाटणारे व्यापारी माल घेऊन याच गर्दीतून वाट काढतात. लहान मुले हात सोडून पळतात. अशा ठिकाणी गाडी दोन मीटर अलीकडे थांबली की दोन मीटर पलीकडे, यात फार मोठे अंतर असते.

रिक्षा, दुचाकी आणि ट्रॅक्टर

तीनचाकी रिक्षात प्रवाशांचा भार मागच्या दोन चाकांवर असतो आणि पुढे एकच चाक. त्या एका चाकाच्या भरवशावर भरलेली रिक्षा थांबवायला गेले तर वळणावर ती कलंडू शकते. रिक्षाचा मागचा ब्रेक हाच तिचा मुख्य आधार आहे, हे चालक बांधवांनी पक्के ध्यानात ठेवावे.

दुचाकीत मागचा ब्रेक लोखंडी सळईवर आणि एका नटावर चालतो. लायनर झिजत जातो तसा तो नट आवळला जातो. पण नट आवळून आवळून शेवट आला तरी शू बदलत नाहीत, अशीही मंडळी आहेत. अनेक गाड्यांच्या मागच्या ड्रमच्या झाकणावर एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण झाकणावरच्या खुणेशी जुळला, की शू बदलण्याची वेळ आली असे समजावे. उलट नट गरजेपेक्षा जास्त आवळला तर चाक सतत घासते, ड्रम तापतो, पेट्रोल जास्त जाते.

१ एप्रिल २०१९ नंतर विकलेल्या १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींत जोड-ब्रेकची किंवा एबीएसची सोय सक्तीची आहे. जोड-ब्रेकच्या गाडीत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. अशा गाडीची मागची सळई किंवा केबल ढिली ठेवली तर पुढच्या ब्रेकलाही त्याचा फटका बसतो. देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मरण पावली, त्यातील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. फेरीवाले, कारागीर, प्लंबर, वायरमन, रंगारी या साऱ्यांचे वाहन हेच आहे.

ट्रॅक्टरचे प्रकरण तर सर्वांत स्पष्ट. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतो तो फक्त मागच्या चाकांना. डाव्या आणि उजव्या चाकाचे पेडल वेगळे असते, शेतात वळवण्यासाठी. रस्त्यावर येताच दोन्ही पेडल कडीने जोडली पाहिजेत. ती न जोडता घाईत एकच दाबले गेले, तर ट्रॅक्टर जागीच फिरतो आणि उलटतो. मागे उसाची किंवा विटांची ट्रॉली असेल आणि तिला स्वतःचा ब्रेक नसेल, तर सारा माल ट्रॅक्टरला मागून ढकलतो. अशा वेळी ट्रॅक्टरचे दोन मागचे ब्रेक सारखे लागणे हाच एकमेव उपाय.

मिस्त्री बांधवांसाठी चार शब्द

गॅरेजचे काम हे आपल्या अनेक बांधवांचे कसब आहे. वडिलांकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे ते आलेले आहे. गिऱ्हाईक गाडी सोपवते तेव्हा ती एक अमानत असते. म्हणून काही गोष्टी ठामपणे सांगण्याचा हक्क आणि कर्तव्य दोन्ही मिस्त्रीचेच आहे.

पहिले, ब्रेकचा पाइप बंद करून गाडी सोडू नये. गिऱ्हाईक रागावले तर रागावू द्यावे. सामान मिळेपर्यंत गाडी उभी राहील, असे सरळ सांगावे. दुसरे, शू किंवा सिलिंडरचे किट बदलायचे तर एका धुऱ्याच्या दोन्ही बाजूंचे बदलावे. एक नवा, एक जुना ठेवला की गाडी ओढते. तिसरे, लायनरवर क्राऊनचे ऑइल आले असेल, तर फक्त पुसून भागत नाही. ऑइल सील बदलून नवे शू टाकावे लागतात. ऑइल शोषलेला लायनर तापला की पुन्हा घसरतो. चौथे, ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा दुसरे कोणतेही तेल कधीही घालू नये. त्याने सगळी रबरे फुगतात आणि पूर्ण यंत्रणा खराब होते.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, हेही गिऱ्हाइकाला समजावून सांगावे. डॉट ३ जातीचे नवे ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उतारावर सतत ब्रेक लावला की ऑइल उकळते, वाफ होते आणि पेडल खाली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे.

शेवटची गोष्ट मिस्त्रींच्या स्वतःच्या जिवाची. ड्रम उघडल्यावर आतली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नये. जुन्या आणि काही स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कित्येक वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. ओल्या फडक्याने पुसावे, तोंडावर रुमाल नव्हे तर चांगला मास्क लावावा, आणि काम शिकणाऱ्या पोराला हीच सवय लावावी.

मालकाची दहा मिनिटे

दर आठवड्याला गाडी बाहेर काढण्यापूर्वी मालकाने किंवा चालकाने दहा मिनिटे द्यावीत. टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. ती वारंवार कमी होत असेल तर गळती शोधावी. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओल किंवा डाग आहे का ते पाहावे. इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरावे. ते हळूहळू खाली गेले तर गाडी रस्त्यावर काढू नये. हलक्या चढावर हँडब्रेक ओढून गाडी थांबते का, हे तपासावे. प्रवासानंतर मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रमजवळ हात नेऊन अंदाज घ्यावा. एक गरम आणि एक थंड असेल तर थंडवाला काम करत नाही किंवा गरमवाला अडकला आहे. ब्रेक मारताच मागचा लाल दिवा लागतो का, हे घरातल्या मुलाला मागे उभे करून पाहता येते.

आणि चालता चालता ब्रेक गेलाच तर? घाबरून इंजिन बंद करू नये, किल्ली काढू नये, स्टिअरिंगही जाम होऊ शकते. पेडल भराभर दाबत राहावे, गिअर एकेक करून खाली आणावा, हँडब्रेक एकदम न ओढता थोडा थोडा ओढावा, हॉर्न वाजवत कडेच्या मोकळ्या जागेकडे जावे.

हिशेब वहीत मांडा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे चारचाकी गाडीला पायाचा आणि उभे करण्याचा असे दोन स्वतंत्र, चांगले चालणारे ब्रेक असणे बंधनकारक आहे. सदोष गाडी रस्त्यावर आणल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, १,५०० रुपयांपर्यंत दंड होतो. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाले किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पासिंगच्या दिवसापुरते ब्रेक नीट करून घेणारे आहेत, पण पासिंग एका दिवसाची असते आणि रस्ता रोजचा.

व्यापारी माणूस हिशेबाने चालतो, म्हणून हिशेबच मांडू. एका बाजूला सिलिंडरचे किट, शूची जोडी, मिस्त्रीची मजुरी आणि एका बाजाराचा खाडा. दुसऱ्या बाजूला मोडलेली गाडी, नासलेला माल, दवाखाना, कोर्टाच्या तारखा, थकलेले हप्ते, आणि कुणाच्या तरी घरातला कर्ता माणूस. पहिल्या रकान्यातील नुकसान पुढच्या दोन बाजारांत भरून निघते. दुसऱ्या रकान्यातील शेवटची रक्कम कोणत्याही वहीत भरून निघत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजवर गेल्यावर "पुढचे चांगले लागतात की" हे वाक्य तोंडावर येईल, तेव्हा तिथेच थांबावे आणि मिस्त्रीला सांगावे, "उस्ताद, मागचे दोन्ही उघडा. बाजार पुढच्या आठवड्यातही आहे."